लिंक चालू, पिंग चालू, तरी डेटा बिघडलेला: खान्देशातल्या नेटवर्कचा पुन्हा पुन्हा येणारा दोष कसा शोधायचा

एप्रिल लागला की जळगाव, भुसावळ, रावेर, अमळनेर, धुळे या सगळ्या पट्ट्यातून एकाच धाटणीच्या तक्रारी सुरू होतात. सकाळी दहा-अकरापर्यंत सगळं ठीक असतं. ऊन चढलं की बिलिंगचं सॉफ्टवेअर दर दोन-चार पावत्यांमागे अडकतं, कॅमेऱ्याचं चित्र थिजतं, सर्व्हरवरची फाइल उघडायला वेळ लागतो. ऊन उतरलं की पुन्हा सुरळीत. राउटर बंद करून चालू केला की थोडा वेळ बरं वाटतं, म्हणून दोष राउटरच्या माथी मारला जातो. नवा राउटर येतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन वाजतो, "दादा, नेट पडी गय."

दुसरी तक्रार कमी वेळा येते, पण ती मला जास्त काळजीची वाटते. नेटवर्क वेगात असतं, कुठेच अडकत नाही. पण सर्व्हरवर टाकलेल्या बॅकअपची झिप फाइल उघडत नाही, स्कॅन केलेल्या सातबाऱ्याचा खालचा अर्धा भाग करडा दिसतो, एखाद्या नोंदीत आकडाच वेगळा निघतो.

दोन्ही तक्रारींवर इलाज मात्र एकच केला जातो: रिस्टार्ट. खरं तर हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात नेटवर्कची चूक-तपासणी आपलं काम करतेय, चुका पकडतेय आणि तोच माल पुन्हा मागवण्यात वेळ जातोय. दुसऱ्यात चूक तपासणीच्या नजरेतून निसटतेय. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात डेटा. यातला आपला आजार कोणता हे ठरल्याशिवाय एकही वस्तू बदलू नका.

तपासणी कुठून कुठपर्यंत असते

इथरनेटची (तारेवरच्या लॅनची) साधी फ्रेम, म्हणजे डेटाचं एक पाकीट, ६४ ते १५१८ बाइटची असते आणि तिच्या शेवटच्या ४ बाइटमध्ये सीआरसी-३२ नावाचा आकडा असतो. पाठवणारं कार्ड तो काढून जोडतं, घेणारं कार्ड आलेल्या मजकुरावरून तो पुन्हा काढून बघतं. जुळला नाही तर फ्रेम तिथेच टाकून दिली जाते, पाठवणाऱ्याला कळवलंही जात नाही. सलग ३२ बिटांच्या आतली कुठलीही मोडतोड हा आकडा हमखास पकडतो. त्याहून मोठी, अस्ताव्यस्त मोडतोड निसटायची शक्यता सुमारे ४२९ कोटींत १. त्यामुळे तारेवर झालेली चूक निसटून आत आली असेल, हा संशय शेवटी घ्यायचा.

टाकून दिलेली फ्रेम परत मागवणं हे वरच्या थरातल्या टीसीपीचं काम. टीसीपी प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतं, पोच मागतं आणि पोच आली नाही की तोच तुकडा पुन्हा पाठवतं. त्याचा स्वतःचाही चेकसम (ताळ्याचा आकडा) असतो, पण तो १६ बिटांचा आणि बेरजेवर चालणारा. वाटेल तशी मोडतोड झाली तर ६५,५३६ पैकी १ निसटू शकते. शिवाय १६ बिटांच्या दोन तुकड्यांची जागा आपसात बदलली तरी बेरीज तीच येते, म्हणून ती चूक त्याला दिसतच नाही.

पुढची गोष्ट नीट लक्षात घ्या, सगळा तपास तिच्यावर उभा आहे. सीआरसी हा एका टप्प्यापुरता असतो. राउटर, वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट, व्हीलॅनची (एकाच तारेवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कची) खूण लावणारा-काढणारा स्विच, हे सगळे फ्रेम आत घेतात, मेमरीत ठेवतात आणि पुढे पाठवताना नवा सीआरसी काढून जोडतात. दाल मिलमधून निघालेली गोणी वाटेतल्या प्रत्येक गोदामात उसवून पुन्हा शिवली, तर शेवटच्या शिलाईवरून आतला माल मूळचाच आहे हे सांगता येत नाही. मेमरीत असताना एखादं बिट पलटलं, तर बिघडलेल्या मजकुरावरच नवा, अगदी अचूक सीआरसी बसतो. पुढच्या सगळ्या टप्प्यांवर तो 'पास' होतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९८४ साली साल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी एका निबंधात अशा गेटवेची (दोन नेटवर्क जोडणाऱ्या यंत्राची) हकिकत नोंदवली आहे. दर टप्प्यावर चेकसम होता, म्हणून प्रोग्रॅमर निर्धास्त होते. पण एका गेटवेत एका बफरमधून (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेतून) दुसऱ्या बफरमध्ये कॉपी करताना साधारण दर दहा लाख बाइटमागे बाइटची एक जोडी उलटीसुलटी होत होती. त्याच गेटवेतून एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोर्स फाइल पुन्हा पुन्हा ये-जा करत राहिल्या आणि बिघडत गेल्या. शेवटी जुन्या छापील प्रती समोर ठेवून माणसांना हाताने ताळा करावा लागला.

पहिला आजार: दुपारी संथ होणारं नेटवर्क

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर नेटस्टॅट ही कमांड ई पर्यायासह चालवा. त्यात 'एरर्स' आणि 'डिस्कार्ड्स' अशा दोन ओळी दिसतील. मग तीच कमांड एस पर्यायासह चालवून टीसीपीच्या भागातला 'सेगमेंट्स रिट्रान्समिटेड' (पुन्हा पाठवलेले तुकडे) हा आकडा टिपा. लिनक्स असेल तर ईथटूल मोठ्या (कॅपिटल) एस पर्यायासह चालवा, कार्डाचे सगळे काउंटर मिळतात. हे आकडे मशीन सुरू झाल्यापासूनचे असतात, त्यामुळे एकदाच बघून काही कळत नाही. सकाळी थंड असताना एकदा टिपा, दुपारी ऐन उन्हात एकदा टिपा आणि मधली वाढ काढा. वाढ दुपारीच होत असेल तर निम्मं काम झालं.

सीआरसीची चूक घेणाऱ्या बाजूला मोजली जाते, हेही ध्यानात असू द्या. तुमच्या पीसीवर शून्य एरर दिसतात म्हणजे स्विचकडून पीसीकडे येणारी बाजू स्वच्छ. पीसीकडून स्विचकडे जाणाऱ्या फ्रेम खराब होत असतील तर ते स्विचलाच माहीत, आणि आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत साधा, काउंटर न दाखवणारा स्विच असतो. तो खराब फ्रेम गुपचूप टाकून देतो. अशा वेळी पीसीवर एरर शून्य, पण रिट्रान्समिट झपाझप वाढताना दिसतात. ही जोडी दिसली की जाणाऱ्या बाजूवर संशय घ्या. एक मॅनेज्ड स्विच तपासणीपुरता जवळ ठेवला तर असे कितीतरी तास वाचतात. डिस्कार्ड्स वाढतायत आणि एरर नाहीत, असं असेल तर तार बहुधा निर्दोष आहे; बफर भरून वाहतोय किंवा ड्रायव्हर मागे पडतोय.

चूक तर थोडीच होते, मग एवढं अडकतं कसं, असं बरेच जण विचारतात. टीसीपी हरवलेल्या तुकड्याचा अर्थ 'वाटेत गर्दी आहे' असा घेतं आणि पाठवण्याचा वेग जवळपास निम्मा करतं. १९८८ च्या सुमारास इंटरनेट गर्दीने कोलमडू नये म्हणून ही पद्धत आली आणि त्या कामासाठी ती योग्यच आहे. पण तुकडा गर्दीमुळे हरवला की उन्हाने तापलेल्या केबलमुळे, हे टीसीपीला ओळखता येत नाही. नुकसान चौपट झालं की वेग साधारण निम्म्यावर येतो, असं हे नातं आहे. मोठी फाइल जात असेल तर निदान पुढचे तुकडे पोचल्यामुळे मधली गळती लवकर कळते. तीच पोच तीनदा परत आली की टीसीपी लगेच पुन्हा पाठवतं. बिलिंग सॉफ्टवेअरचं तसं नसतं. त्याची विचारणा एकाच छोट्या पॅकेटात मावते. ते पॅकेट हरवलं तर मागून येणारं काहीच नसतं, आणि टीसीपीला टायमर संपेपर्यंत थांबावं लागतं. लिनक्समध्ये हा टायमर किमान २०० मिलिसेकंदांचा आहे, नियमावलीत तर १ सेकंदाची शिफारस आहे, आणि पुन्हा हरवलं की थांबण्याचा वेळ दुप्पट होत जातो. एक पावती काढायला अशा कितीतरी विचारणा होतात. म्हणून यूट्यूब नीट चालतं आणि पावती अडकते. इंटरनेट पुरवणाऱ्याशी भांडण्याआधी हे तपासा.

ऊन आणि पत्रा

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण केबल सावलीतल्या पाऱ्याने तापत नाही. ती पत्र्याच्या खाली, काळ्या पाइपात, पत्र्याला चिकटून गेलेली असते आणि तिथलं तापमान सहज ६० च्या आसपास पोचतं. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि सिग्नल क्षीण होतो. टीआयए या अमेरिकी दूरसंचार संघटनेच्या केबलिंग मानकात याचा तक्ताच आहे: २० अंशांना पक्क्या केबलची लांबी ९० मीटर धरायची, तर ४० अंशांना ८४ आणि ६० अंशांना ७५ मीटरच. जिनिंगच्या ऑफिसपासून गेटवरच्या वजनकाट्यापर्यंत कोणी ९५ मीटर केबल पत्र्यावरून ओढली असेल, तर ती डिसेंबरात चालेल आणि मे महिन्यात रडेल. पॅच कॉर्ड धरून १०० मीटरची मर्यादा पाळली, एवढं सांगून भागत नाही.

त्यात केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर विचारूच नका. ती स्वस्त मिळते, बॉक्सवर तेच नाव छापलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे सिग्नल आधीच कमजोर आणि त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीज दिली तर तार आणखी तापते. ओळखायला सोपी आहे. तारेचा एक धागा ब्लेडने हलक्या हाताने खरवडा. आत पांढरा धातू दिसला तर ती केबल काढा, कितीही नवी असली तरी. अ‍ॅल्युमिनियमचे धागे कनेक्टरच्या पात्यांखाली सैल पडतात, उन्हाने पसरून आणि रात्री आकसून पुन्हा सैल होतात. याच कारणाने टोक हलवलं की नेट येतं आणि जातं.

गिगाबिट लिंकला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. जी लिंक पूर्वी १ गिगाबिटवर होती ती आपोआप १०० वर उतरली असेल, तर एखादी जोडी तुटली आहे किंवा पोर्टचा काही भाग जळाला आहे असं समजा. मृगाच्या आधीच्या वादळी पावसानंतर असे अर्धवट जळालेले पोर्ट पुष्कळ सापडतात. लिंकचा दिवा लागतो, पिंग जातं, म्हणून कोणी पाहत नाही. पिंगही आपण छोटं, ३२ बाइटचं करतो. एल पर्यायात १४७२ देऊन मोठं पिंग चालवा आणि सलग चालू ठेवा. फ्रेम जितकी लांब तितकी तिच्यात खराब बिट पडायची शक्यता जास्त, त्यामुळे छोट्या पिंगात लपलेला दोष मोठ्यात लगेच उघडा पडतो.

स्विच आणि राउटरच्या अ‍ॅडॅप्टरकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि माझ्या अनुभवात निम्मा उपद्रव तिथेच असतो. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेला फार नाजूक. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. कपॅसिटर दमला की १२ व्होल्टची वीज स्थिर राहत नाही, तिच्यावर लहरी येतात. स्विच बंद पडत नाही, पण भार वाढला की त्याच्या हातून चुका होऊ लागतात. मल्टिमीटर १२ च दाखवतो, कारण तो सरासरी दाखवतो. खात्री करायची तर त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच अँपिअरचा चांगला अ‍ॅडॅप्टर लावून दुपार काढा. सगळ्याच पोर्टांवर एकदम चुका वाढत असतील तर आधी हेच करा. एकाच पोर्टवर वाढत असतील तर केबलकडे जा.

मोटारी आणि ड्राइव्हचं काय? रेचे सुरू झाले, लिफ्टिंगचा पंप सुरू झाला की एरर वाढतात, अशी वेळ जुळत असेल तर केबल थ्री-फेजच्या वायरसोबत एकाच ट्रेमधून गेली आहे का ते बघा. तिला बाजूला घ्या, ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. दोन वेगळ्या इमारती, दोन वेगळी अर्थिंग असतील तर तांब्याच्या मागे लागू नका, सरळ फायबर टाका. काचेतून ना वीज जाते ना विजेचा कडकडाट. केळीच्या बागेवरून ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ टाकला असेल तर बाग वाढली की लिंक पडते, कारण पानांतलं पाणी सिग्नल शोषतं. वायफाय आणि रेडिओ दर फ्रेमची पोच घेतात आणि आपणच पुन्हा पाठवतात, म्हणून तिथे नुकसान दिसत नाही, नुसता उशीर वाढतो. खांब उंच करणं हाच खरा इलाज.

सॉफ्टवेअरमुळे वाढणाऱ्या चुका

एकही वस्तू खराब नसताना सीआरसीच्या चुका दिसू शकतात. याचं नेहमीचं कारण म्हणजे दोन टोकांचा डुप्लेक्स न जुळणं. एकाच वेळी बोलता आणि ऐकता येतं तो फुल डुप्लेक्स, आळीपाळीने तो हाफ. कोणीतरी जुन्या सवयीने एका बाजूला '१०० फुल' असं हाताने ठरवून टाकतं. समोरची बाजू ऑटोवर असते. तिला वाटाघाटीचं उत्तर मिळत नाही, वेग तेवढा ओळखता येतो, म्हणून नियमाप्रमाणे ती हाफ डुप्लेक्स धरते. आता एक बाजू बोलता बोलता ऐकते आणि दुसरी ऐकताना बोलत नाही. हाफच्या बाजूला 'लेट कोलिजन' (उशिरा झालेल्या टकरी) दिसतात, फुलच्या बाजूला तुटक्या फ्रेम आणि सीआरसी एरर. भार कमी असताना कळतही नाही, भार वाढला की सगळं ठप्प. केबल दहादा बदला, फरक पडणार नाही. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा, विषय संपला.

वीज वाचवणारं 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' काही जुन्या कार्ड-स्विच जोड्यांत लिंक पाडतं. ड्रायव्हरच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन ते तात्पुरतं बंद करून बघा.

दुसरा आजार: सगळं वेगात, पण मजकूर बदललेला

इथे काउंटर उपयोगी पडत नाहीत, कारण तपासणीच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं. २००० साली जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी खऱ्या नेटवर्कवरची पॅकेट तपासली. सीआरसीने जवळजवळ काहीच निसटू द्यायला नको होतं, तरी ११०० पैकी १ ते ३२,००० पैकी १ पॅकेटचा टीसीपी चेकसम चुकीचा निघत होता. या चुका तारेवरच्या नव्हत्याच; यंत्रांच्या आत, मेमरीत, कार्डात, ड्रायव्हरमध्ये झालेल्या होत्या. एवढ्या चुका त्या १६ बिटांच्या बेरजेपुढे आल्या की त्यातली एखादी कधीतरी निसटणारच.

तपासाला सुरुवात अशी करा. एक मोठी फाइल घ्या, निदान दोन-चार गिगाबाइटची. मूळ मशीनवर विंडोजच्या सर्टयूटिल कमांडच्या हॅशफाइल पर्यायाने तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुराचा ठसा, काढा. फाइल नेटवर्कवरून पाठवा, तिकडे पुन्हा काढा. जुळला नाही तर थांबा, फाइल पुसू नका, कारण तीच पुरावा आहे. आता एफसी ही कमांड बी पर्यायासह दोन्ही फाइलवर चालवा. ती वेगळ्या निघालेल्या प्रत्येक बाइटची जागा आणि दोन्ही किमती ओळीने, हेक्स (१६ च्या पायावरच्या) आकड्यांत दाखवते. हे आकडे कंटाळवाणे दिसतात, पण दोष कुठे आहे ते तेच सांगतात.

प्रत्येक ओळीत एकच बिट बदललेलं असेल, आणि तेही दर वेळी त्याच जागचं, म्हणजे ३३ च्या जागी ३१, ७२ च्या जागी ७०, तर कुठल्यातरी मेमरीचं एक बिट अडकलं आहे. जागांमधलं अंतर ५१२ किंवा ४०९६ च्या पटीत असेल आणि त्या पट्ट्यातलं सगळंच वेगळं असेल, तर नेटवर्क सोडा, डिस्क आणि तिच्या ड्रायव्हरकडे जा. फाइलचं शेपूटच शून्यांनी भरलेलं असेल तर लिहिता लिहिता वीज गेली किंवा प्रोग्रॅमने फाइल बंद केलीच नाही. सुमारे १४६० बाइटचा एक सलग तुकडा चुकीचा असेल तर तो टीसीपीचा एक अख्खा सेगमेंट आहे. कार्ड किंवा ड्रायव्हरने बफर चुकवला.

त्यानंतर तीच फाइल त्याच मशीनवर, नेटवर्क न वापरता, एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करून हॅश बघा. इथेच फरक आला तर नेटवर्कला विनाकारण दोष देत होतो हे कळतं. रॅम तपासायला मेमटेस्ट रात्रभर नव्हे, दुपारी लावा, पंखा आणि एसी नेहमी जसा असतो तसाच ठेवून. २००९ साली गूगलच्या सर्व्हरवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅम मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या होत्या. ते सर्व्हर चूक दुरुस्त करणारी ईसीसी रॅम वापरत होते, म्हणून चुका मोजता तरी आल्या. आपल्या पतपेढ्यांत, दवाखान्यांत 'सर्व्हर' म्हणून कोपऱ्यात ठेवलेल्या साध्या पीसीत ईसीसी नसते. तिथे चूक होते आणि कोणाला कळत नाही. पैशाचा किंवा रुग्णाचा डेटा ज्या मशीनवर आहे तिथे ईसीसी रॅम घ्या, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. मॉनिटर जुना चालेल.

रॅम चांगली निघाली तर कार्डाचा 'चेकसम ऑफलोड' बंद करून तीच चाचणी घ्या. ऑफलोड चालू असताना टीसीपीचा चेकसम प्रोसेसर काढत नाही, कार्ड काढतं. मजकूर रॅममधून कार्डापर्यंत जाताना बिघडला, तर चेकसम बिघडलेल्या मजकुराचाच निघतो. ऑफलोड बंद केल्यावर फाइल नीट पोचू लागली आणि रिट्रान्समिट वाढले, तर दोष कार्डात, स्लॉटमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. निसटणारी चूक आता पकडली जाऊ लागली आहे. याच ऑफलोडमुळे वायरशार्क या पॅकेट बघायच्या प्रोग्रॅममध्ये आपल्याच मशीनहून जाणारी पॅकेट 'चेकसम चुकीचा' अशी दिसतात. ते पाहून घाबरू नका. वायरशार्क पॅकेट कार्डाच्या आधीच बघतो, तेव्हा चेकसम भरलेलाच नसतो.

सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर मिळून कसं फसवतात याचं एक बोलकं उदाहरण २०१६ साली जाहीर झालं. लिनक्स कर्नलमधला कंटेनरसाठीचा (एकाच मशीनवर वेगळे ठेवलेल्या प्रोग्रॅमसाठीचा) आभासी इथरनेट ड्रायव्हर बाहेरून आलेल्या पॅकेटवरही 'चेकसम तपासायची गरज नाही' असा शेरा मारत होता. बग बरीच वर्षं पडून होता, कोणाला त्रास नव्हता. एका ठिकाणी एक स्विच बिघडला, पॅकेट खराब करू लागला, आणि टीसीपीने टाकून द्यायला हवी होती ती पॅकेट सरळ प्रोग्रॅमपर्यंत पोचली. एकटा स्विच किंवा एकटा बग एवढं नुकसान करू शकला नसता.

एचटीटीपीएस किंवा एसएसएचवरून जाणारा मजकूर यातून बराच वाचतो, कारण तिथे दोन टोकांमध्ये स्वतंत्र पडताळणी असते. मजकूर बदलला तर जोडणी तुटते, पण चुकीचा आकडा आत येत नाही. म्हणून बँकेची साइट मधूनमधून तुटतेय आणि एसएसएच 'करप्टेड मॅक' म्हणतंय, तर तो नशिबाने मिळालेला इशारा समजा. त्याच वाटेने साध्या शेअर फोल्डरवर जाणाऱ्या फाइल त्या वेळी बिघडत असणार.

वजनकाट्याची तार

खान्देशात ज्याने सगळ्यात जास्त अन्याय होऊ शकतो तो टप्पा हा. कापसाची ट्रॉली असो की केळीचा ट्रक, वजनकाट्याच्या इंडिकेटरपासून संगणकापर्यंत बहुतेक ठिकाणी आरएस-२३२ ची (जुन्या सीरियल पोर्टची) तार जाते. आकडे साध्या आस्की अक्षरांत, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेल्या बिटांच्या सांकेतिक रूपात, वाहत येतात. अनेक जोडण्या ८ बिट, पॅरिटी (चूक पकडायला जोडलेलं जादा बिट) नाही, अशा लावलेल्या असतात. म्हणजे या टप्प्यावर चूक तपासणीच नाही. पुढे तो आकडा लॅनवर जातो, तिथे सीआरसी आहे, टीसीपी आहे, पण ते सगळे आधीच चुकलेल्या आकड्याची इमानाने राखण करतात.

आस्कीत ३ हा आकडा ०११००११ आणि १ हा ०११०००१. फरक एका बिटाचा. १३४२० किलोतलं ते एक बिट मोटारीच्या झटक्याने पलटलं की संगणकात ११४२० येतं. शेतकऱ्याचे दोन हजार किलो गेले, आणि छापील पावती निर्दोष दिसते. ८ आणि ० मध्येही एकाच बिटाचा फरक आहे.

इंडिकेटरमध्ये आणि संगणकात दोन्हीकडे ७ बिट आणि सम पॅरिटी लावा, ती एका बिटाची चूक पकडते. इंडिकेटरला चेकसमसकट पाठवायची सोय असेल तर तीच वापरा, कारण पॅरिटीला दोन बिटांची चूक दिसत नाही. तार लांब ओढू नका. आरएस-२३२ साठी साधारण १५ मीटर हीच व्यवहारातली हद्द आहे. काटा त्याहून लांब असेल तर इंडिकेटरच्या शेजारीच लॅन कन्व्हर्टर बसवा किंवा आरएस-४८५ वापरा. सॉफ्टवेअरवाल्याकडून एवढं करून घ्या की सलग काही वाचनं सारखी आल्याशिवाय वजन नोंदलं जाणार नाही. आणि इंडिकेटरच्या पडद्यावरचा आकडा गाडीवाल्याला दिसेल असा ठेवा, पावतीशी ताडून पाहायचा त्याचा हक्क आहे.

रिस्टार्ट करूनही तेच परत येतं तेव्हा

कधी चूक साध्या डेटात नसते, यंत्रं आपसात जे निरोप देतात त्यांत असते. २७ ऑक्टोबर १९८० ला आर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वज नेटवर्क, काही तास बंद पडलं ते यामुळे. एका यंत्राच्या स्थितीच्या निरोपावर ६ बिटांचा क्रमांक असे, नवा निरोप कोणता हे ठरवायला. मेमरीत बिट गळाल्याने ४४ चा ४० झाला, म्हणजे १०११०० चं १०१०००, आणि आणखी एक बिट गळून ८, म्हणजे ००१०००. क्रमांक ६३ नंतर पुन्हा शून्यावर येत असल्याने नियम असा होता की ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा. तिन्ही निरोप एकमेकांना कायम नवे ठरवत नेटवर्कभर फिरत राहिले. तारेवर तपासणी होती, पण मेमरीतला तो क्षण तिच्या कक्षेबाहेर होता. एखादं यंत्र रिस्टार्ट केलं तरी शेजारचं त्याला तेच निरोप पुन्हा देई. त्या एका यंत्राचे निरोप दुर्लक्षित करायचा पॅच सगळीकडे टाकल्यावर नेटवर्क सावरलं. जुलै २००८ मध्ये अ‍ॅमेझॉनची एस-थ्री सेवा काही तास थांबली, तीही सर्व्हरांच्या आपसातल्या निरोपांत एक बिट बिघडल्याने. ग्राहकांच्या फाइलवर पडताळणी होती, या निरोपांवर नव्हती.

म्हणून दोन-तीन स्विच किंवा मेश राउटर असतील आणि एकेक रिस्टार्ट करून दोष परत येत असेल, तर सगळे एकदम बंद करा, मिनिटभर थांबा, मग मुख्य राउटरपासून एकेक चालू करा. ज्याला जोडल्यावर दोष परततो त्याला बाजूला काढा, त्याचं फर्मवेअर बघा, आणि एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचला जोडून कोणी लूप तर केला नाही ना, तेही बघा.

विक्रेत्याकडे किंवा कंपनीकडे तक्रार नेताना "नेट चालत नाही" असं सांगितलं तर तेही रिस्टार्टच सांगतील. सकाळचे आणि दुपारचे काउंटर, पत्र्याखालचं तापमान, लिंक १००० वर होती की १०० वर, दोन्ही फाइलचे हॅश आणि एफसीने दाखवलेल्या पहिल्या वीस-पंचवीस ओळी एका कागदावर द्या. वॉरंटीत स्विच बदलून मिळायला एवढा कागद बहुतेक वेळा पुरतो. नवा स्विच आला की त्यावरही तीच दुपारची चाचणी घ्या, जुना परत पाठवायच्या आधी.